बकरीसाठी फोडणी

"त्या बकरीनं पुन्हा माझ्या बेलाला तोंड लावलं, तर हे जानवं काढून खुंटीला टांगीन! भट म्हणून नाव सांगणार नाही!"

उद्धवभटांनी ही गर्जना केली तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरातली ती सबंध गल्ली ऐकत होती. बकरीही ऐकत होती. बकरी शेजारच्या पार्बताबाईची. नाव राणी, आणि तोराही राणीचाच. परसातली तुळस तिनं आषाढातच संपवली. बेल भटजींच्या वडिलांनी लावलेला, पण राणीच्या कृपेनं तो कमरेच्या वर कधी गेलाच नाही! आणि सोमवारी खुशालराव पाटलांकडे रुद्र. बेल भटजींच्या परसातला, हा तिथला जुना रिवाज. "यंदा पानं कमी पडली त् दुसरा भटजी पाहीन," असं पाटलांनी बजावलं होतं. ते घर सुटलं म्हणजे भटजींना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

उपाय त्यांनी स्वतःच्याच डोक्यातून काढला, तिथंच घोटाळा झाला.

"लसूण!" ते म्हणाले.

"अहो, चातुर्मासात?" भटजींची बायको गोदाकाकू किंचाळल्या. "कांदेनवमीलाच संपवला ना घरातला!"

"खायचाय कुठं? कुंपणाला फासायचाय!"

काकूंनी पाटा दिला नाही. भटजींनी उपरण्याखालून बाजारातला लसूण आणला, परसातल्या दगडावर लाल मिरच्यांबरोबर वाटला, आणि वास टिकावा म्हणून फुटक्या कढईत तेलावर घातला. नासू नये म्हणून वर मूठभर मीठ! चर्र झालं आणि गल्ली शिंकली.

"कावून हो काकू," कुंपणावरून पार्बताबाईचं डोकं वर आलं, "श्रावन हाये ना? मंग हे फोडनी कायची?"

काकू लाजून आत पळाल्या. झालं! सकाळचा लसूण दुपारी वांग्याची भाजी झाला आणि दिवेलागणीपर्यंत त्याची कोंबडी झाली!

दुसऱ्या दिवशी पाटील दारात हजर.

"भटजी, लोकं मले सांगून राहिले, तुमी श्रावनात कोंबडी शिजोली!"

"शिव शिव! पाटील, कोंबडी कसली? तो मसाला बकरीसाठी वाटला!"

"अरे बाप्पा! बकरी शिजोली?"

"मायवं! माह्यी रानी!" पार्बताबाईनं गळा काढला. तेवढ्यात तिच्या मागून राणीनंच "में" केलं म्हणून बरं! भटजींनी घाम पुसत सगळी हकीकत सांगितली आणि परसात नेऊन मसाला फासलेलं कुंपण दाखवलं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"असं हाये काय? मंग सोडा बकरी. ते पयाली त् रुद्र तुमचा!"

राणी ऐटीत कुंपणाशी आली. हुंगलं. शिंकली! "पाहा, पाहा!" भटजी नाचायचेच बाकी होते. राणीनं पुन्हा हुंगलं, जीभ काढली आणि चाटायला लागली. एक बाजू झाली, दुसरी झाली. शेवटी काड्यांसकट कुंपण आडवं करून ती आत शिरली आणि जेवणावर विडा खावा तसा अख्खा बेल खाऊन मोकळी झाली.

पाटलांनी कढईतला उरलेला मसाला बोटावर घेऊन चाखला. डोळे मिटले.

"भटजी, हा त् ठेचा होय! मीठ-तिखट बराबर हाये. बकरी पयन कायले?"

"म्हणजे... माझ्यावर विश्वास बसला ना?"

"बसला ना! कोंबडीची गोठ खोटी हाये, हे मी गावाले सांगतो. रुद्राले मातर दुसरा भटजी. बेल कुठी हाये आता?" पाटील निघाले. दारापर्यंत गेले, थबकले. "आमी कास्तकार मानसं, आमाले लसून चालते. वाटीभर बांधून द्या."

वाटीभर ठेचा पाटलांबरोबर गेला. भटजी तोंड पाडून घरात आले. गोदाकाकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, खुंटीवरचा ओला पंचा काढून घेतला आणि म्हणाल्या, "घ्या. जागा मोकळी केलीय."