विलंबी संवत्सरी वेशीचे कवाड उभे राहिले आणि मुद्गलबुवा बाहेर राहिले, त्याची हकीकत

श्रीहरीचे चरणी माथा ठेवून, टाळ-मृदंगास वंदन करून, श्रोते सज्जनांस विनंती ऐसी जे, शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर (नाव ऐकून हसो नये, पंचांगात तैसेच होते), आश्विन शुद्धपक्षी एके राज्यी जे घडले ते यथामती लिहिले. ते राज्य थोर, कणग्या भरलेल्या, लोक देवभोळे आणि गोडबोले, परंतु 'उद्या पाहू' हा शब्द ज्याच्या त्याच्या जिभेवर. गतवर्षी मिरवणुकीत सरकारी हत्ती बिथरला आणि त्याने राजधानीच्या वेशीस धडक देऊन उजवे कवाड बाहेरच्या अंगास उताणे पाडिले, ते तैसेच पडून राहिले. सुतार म्हणत, लोहार आला की लावू. लोहार म्हणे, सुतारांचा सांगावा आला की निघालोच. आणि पेठेतील बाया त्या कवाडावर पापड वाळत घालू लागल्या, कीं ऐसी सपाट जागा गावात दुसरी नाही. आणि वेशीच्या आत पहिले घर हरिदास मुद्गलबुवांचे. त्यांची लेक सगुणा बाळंतपणास माहेरी आलेली, मूल अद्याप पाळण्यातही घातले नव्हते, आणि रायाजी पुंडाचे स्वार शेजारचा मुलूख लुटीत फिरतात ऐसी वार्ता नित्य येई. सगुणा म्हणे, "आबा, पुंड आला तर पहिली कडी आपुलीच वाजेल हो." बुवा म्हणत, "पांडुरंग आहे, बाळे." ऐसे म्हणत आणि दाराआड जाते लोटून ठेवीत.

मग बुवा दरबारी गेले आणि हात जोडून बोलिले, "सरकार, तेवढे कवाड लावून द्यावे." कारभारी बहुत विचारी पुरुष, डोळे मिटून म्हणाले, "बुवा, कवाड हे निमित्त. रोग दिरंगाईचा आहे, औषध मुळावर पाहिजे. आपण दिरंगाईनिवारणाचा पाठ सांगावा. परंतु एकल्या सरकारचे कोण ऐकतो? मठ, महाजनमंडळ, तालीमखाना, सुतारपंचायत, या चौघांशी सहकार करावा, चौघांचे नावे पाठ मांडावा, म्हणजे ज्याचा तो येईल." बुवा शालजोडी घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. कवाड मागावयास गेलो, ते पाठ घेऊन आलो, हे कैसे जाहले, त्यांस उमगेना. परंतु हरिकथेस नाही म्हणणे त्यांचे ठायी नव्हते, म्हणून निघाले.

प्रथम मठात गेले. अधिकारी स्वामी प्रसन्न होऊन वदले, "उत्तम कल्पना! परंतु आरंभ येथे केलियास लोक म्हणतील, मठात आळशी फार. आधी महाजनांकडे व्हावे." महाजन म्हणाले, "बुवा, आम्ही तर तुमचेच. पण आधी तालमीत घ्या, तेथे जागा ऐसपैस." तालमीचे वस्ताद मिशीवर हात फिरवीत म्हणाले, "आमचे गडी दुपारी निजतात खरे, पण ती कमाई आहे, दिरंगाई नव्हे. सुतारांस गरज अधिक." आणि सुतारांचे चौधरी म्हणाले, "आम्ही कधीचे तयार! फकत उद्या नको, परवा नको, आणि तेरवा अमावास्या नसली तर बघू." बुवा म्हणाले, "चौधरी, हा शुद्धपक्ष चालला आहे." चौधरी म्हणाले, "तेच म्हणतो, अमावास्या अजून यायची आहे." येणेप्रमाणे चौघांनी होकार दिला आणि कोणीही दिवस दिला नाही. बुवांस मोठा संभ्रम पडला, कीं सर्वांनी हो म्हणावे आणि काहीच न व्हावे, हे कोणत्या शास्त्रात आहे? मग सगुणाच म्हणाली, "आबा, कोणाकडेच नको. वेशीत करा. वेस कोणाची नाही, म्हणजे सर्वांची." हे चौघांसही मानवले आणि ललितापंचमीचे दिवशी, दुपार कलता, कथा ठरली.

बुवांस उभे राहावयास चौरंग पाहिजे, तो आणण्याचे कोणाचे ध्यानी राहिले नाही, मग पापड उचलून त्या पडल्या कवाडावरच बैठक घातली. समोर, वेशीबाहेर, सारी राजधानी लोटली. बुवांनी उपरणे कमरेस बांधिले, चिपळ्या वाजविल्या आणि पूर्वरंग ऐसा रंगविला कीं, आजचा श्वास उद्या घेता येत नाही, जो देवास उद्यावर ठेवील त्यास देव कोठे ठेवील, आणि माणसे माना डोलवून रडली. पूर्वरंग सरला. आता कथेची रीत ऐसी कीं, येथे यजमानाने हरिदासास हार घालावा, बुक्का लावावा, आणि तोवर सभेने नाम घ्यावे. हार पडल्यावाचून आख्यान लागत नाही. तबकात हार तयार होता, परंतु यजमान चार! स्वामी म्हणाले, "महाजन, आपण." महाजन म्हणाले, "छे छे, वस्ताद असता आम्ही?" वस्ताद म्हणाले, "वेस लाकडाची, मान चौधऱ्यांचा." चौधरी लाजून म्हणाले, "स्वामींच्या पुढे? नरकात जाईन." ऐसे फिरून फिरून चालिले आणि सभा आपली 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत राहिली, आणि बुवा कवाडावर उभेच, मनात म्हणत, हा पाठ सुरू जाहला म्हणावा कीं नाही?

इतक्यात माळावर धूळ दिसली. बुरुजावरचा पहारेकरी ओरडला, "पुंड! पुंड आला!" सभा उठली आणि वेशीत शिरली, आणि पाहते तो वेस उघडी. मग कोणी कोणास विचारले नाही. वस्तादाच्या गड्यांनी कवाडास दोर लाविले, चौधरी खुंटाशी धावले, महाजनांनी अंगरखे काढून आतून दोर धरिले, स्वामी सोवळ्यानिशी दोराच्या टोकास लागले, आणि तोंडी नाम होते ते तैसेच चालू, 'विठ्ठल' म्हटले कीं ओढावे आणि 'विठ्ठल' म्हटले कीं दम घ्यावा. आणि बुवा कवाडावरच, कारण आरतीवाचून हरिदास जागा सोडीत नाही. कवाड उठू लागले तैसे बुवा घसरू लागले, मग तबक घसरले, मग दोघेही कडेवरून धुळीत आले. खुंट दगडी उखळीत बसला, कवाड मिटले, आतून अडसर पडला, आणि आत जयजयकार जाहला. बुवांनी अंग झटकले आणि पाहिले, तो ते बाहेरच्या अंगास होते.

रायाजी पुंड घोड्यावरून उतरला. बंद वेस पाहिली, धुळीत हार पाहिला, चिपळ्या धरून उभे बुवा पाहिले आणि म्हणाला, "बुवा, कथा अर्धीच? हार कुणी घातला नाही?" बुवा म्हणाले, "घालणार होते, महाराज." पुंडाने हार उचलला, फुंकर मारून धूळ उडविली आणि बुवांचे गळा घातला. "आता सांगा. वेस फोडायची ती नंतर फोडू." आता बुवांस जो गोंधळ पडला तो कोणा हरिदासास न पडो. हार पडला म्हणजे आख्यान सांगणे आले, आणि आख्यान पूर्वरंगाच्या बोधाचेच पाहिजे. दिरंगाई सोडा म्हणून सांगावे, तर हा आत्ताच वेस फोडील. दिरंगाई करा म्हणावे, तर कथा बाटली. आत सगुणेचे मूल रडले, ते भिंतीपलीकडून ऐकू आले.

बुवांनी डोळे मिटिले आणि मुखी आले ते सांगितले. एक भक्तीण, तीस भाऊ नाही, दिवाळीस सगळ्या सासुरवाशिणी माहेरी गेल्या आणि ही उंबऱ्यावर दिवा लावून वाट पाहत बसली, आणि देव नैवेद्याचे ताट टाकून, उष्ट्या हाताने मुराळी होऊन तीस न्यावयास आला. "देवाने हात धुतले नाहीत," बुवा गाऊन म्हणाले, "कीं धुवावयास थांबलो तर तिचा दिवा विझेल." सांगता सांगता बुवाच रडले. पुंड खाली बसला होता. मग म्हणाला, "माझी धाकटी बहीण नदीपलीकडे दिली आहे. दर दिवाळीस म्हणतो, औंदा आणीन." बुवा म्हणाले, "मग?" पुंड म्हणाला, "मग काय? तुम्हीच सांगितलेत ना, हात धुवायचे नाहीत." आणि घोड्यावर बसला, आणि स्वारांस म्हणाला, "चला रे, तिच्या सासरी रिकाम्या हाताने कसे जायचे, त्याचा विचार वाटेत करू," आणि धूळ आली तैसी गेली.

मग बुवांनी कवाड ठोठावून हाक मारिली, "उघडा, गेला तो!" आतून मोठी कुजबूज जाहली. उघडण्याचा मान कोणाचा, यावर स्वामी महाजनांस म्हणत होते, "आपण," आणि महाजन वस्तादांस. शेवटी चौधरी फटीशी तोंड लावून बोलिले, "बुवा, कवाड आत्ताच बसले आहे. उद्या पाहू." तो तटावरून दोरीने टोपली आली, तीत भाकरी, झुणका आणि वर सगुणेचा आवाज, "आबा, जेवून घ्या. बाळ निजले आहे."

एवंच, त्या राज्यी दिरंगाईनिवारणाचा पाठ चार संस्थांचे सहकारे यथासांग पार पडला, ऐसे दरबारी लिहिले गेले. शिकला तो एक, आणि तो परमुलखीचा. बुवा भाकरी खात विचार करीत राहिले, कीं पाठ कोणास दिला आणि कोणी दिला, ते त्यांस अखेरपर्यंत कळले नाही. हरी जाणे. लेखनसीमा.