खुराड्याचं दार

राजरत्नने वडिलांची, नानासाहेबांची, जुनी फियाट नारायणगावच्या गॅरेजमधून नवीकोरी करून आणली आणि राजुरीतल्या घरापुढे उभी करून जोरात हॉर्न वाजवला. आई जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून नानासाहेबांनी गाडीला हात लावला नव्हता. चकाचक गाडी बघून तरी माणसात येतील, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

नानासाहेब गाडीभोवती फिरले आणि डाव्या दाराशी थबकले. "पोचा कुठंय?"

"ते दारच नवं बसवलं, नाना. आता आतूनबी उघडतं!"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. गाडी शिकताना त्यांच्या बायकोने, द्रौपदाबाईंनी, ती विहिरीच्या कठड्यावर घातली होती. तेव्हापासून ते दार आतून उघडत नसे. मग बाजार असो की लग्न, नानासाहेब उतरत, वळसा घालून येत, दार उघडत आणि मगच राणीसरकार पायउतार होत. चारचौघांत बायकोचं कौतुक करायची त्यांना लाज वाटे. हा वळसा मात्र ते खुशाल घालत.

"जुनं दार आण," एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

राजरत्न गॅरेजात धावला. मेकॅनिक मोहितने दार भंगारवाल्याला दिलेलं, भंगारवाल्याने डिंगोऱ्याच्या कोंडाबाईला विकलेलं. शेवटी बापलेक मोहितला आणि नव्या दाराच्या गाडीला घेऊन डिंगोऱ्यात पोचले. जुनं दार कोंबड्यांच्या खुराड्याला झकास बसलं होतं.

"न्हाई द्यायचं," कोंडाबाई म्हणाली. "काच खाली केली की कोंबड्यांना वारं, वर केली की मुंगूस भाईर."

"मावशी, बदल्यात हे नवं घ्या. लई भारी हाये."

"आतून उघडतं का?"

"उघडतं की!"

"मंग नगं."

राजरत्नने कपाळाला हात लावला. नानासाहेब पुढे झाले. "बाई, ह्यो पोचा माझ्या मंडळीनं पाडलाय. वरीस झालं तिला जाऊन."

कोंडाबाईने पोच्यावरची धूळ पदराने पुसली. "आदी बोलायचं न्हाई व्हय, भाऊ?"

तिने खुराडं मोकळं केलं. कोंबड्या अंगणभर, गाडीखाली, गाडीत उधळल्या. मोहितने दारांची अदलाबदल केली आणि कोंडाबाईच्या समाधानासाठी नव्या दाराचं आतलं हँडल काढून टाकलं.

"नाना, पांढऱ्याशुभ्र गाडीला हे असलं दार? लोक हसतील राव," मोहित म्हणाला.

"हसू दे."

मोहित तिथूनच एसटीने नारायणगावला गेला. राजरत्न पुढे बसायला निघाला, तर स्टिअरिंगवर बसलेले नानासाहेब म्हणाले, "मागं बस."

घर आलं. नानासाहेब उतरले, सवयीने वळसा घालून डावीकडे आले, दार उघडलं आणि हलकेच म्हणाले, "उतर गं."

सीटखालून एक ठिपकेदार कोंबडी निघाली. तिने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि सावकाश, तोऱ्यात खाली उतरली.

नानासाहेबांना हसू फुटलं. वर्षभरातलं पहिलंच. "चला, कुणीतरी उतरलं," ते म्हणाले, आणि हसता हसताच दाराच्या पोच्याला कपाळ लावून हुंदके देऊ लागले. राजरत्न मागच्या दाराचं नवंकोरं हँडल धरून आतच बसून राहिला.