उरलेली लस

पेइ-रुंगचे उंदीर आजारी पडायला तयार नव्हते, आणि तिची डॉक्टरेट त्यांच्या आजारपणावरच अडली होती. मामला साधा होता: एका पिंजऱ्याला लस, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, मग दोघांनाही विषाणू. लसवाल्यांच्या रक्तात विषाणूला ओळखून मारणाऱ्या पेशी भराभर उभ्या राहिल्या. पण बिनलसवाल्यांच्याही राहिल्या! टोचूनही तेच आणि न टोचूनही तेच, मग पदवी कशाची मागायची?

तिचा संशय थेट शेजारच्या टेबलावर गेला. तिथं बसणारा सुंग-हान हल्ली तिला फार चहा पाजत होता.

"पिंजरे तूच बदललेस ना?"

"मी? मला माझेच उंदीर सांभाळवत नाहीत!"

"मग हा चहा कशाला?"

"एकावर एक फुकट होता, बाई!"

तिनं चहा बेसिनमध्ये ओतला. निरपराध माणूस इतका पटकन उत्तर देत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

तेवढ्यात पिंजऱ्यांची सफाई करणाऱ्या श्युएइंग मावशी आल्या.

"हळू बोला, उंदीर दचकतात. आणि बिघडलं काय? दोन्ही पिंजरे ठणठणीत आहेत की!"

"तोच तर घोळ आहे, मावशी. ह्या दुसऱ्या पिंजऱ्याला लस दिलीच नव्हती."

"दिली नव्हती कशी? मी टोचली ना!"

दोघं एकदमच मावशींकडे वळली.

"अगं, तू बाटलीत लस उरवून जेवायला गेलीस. साथीत उरलेल्या लशीसाठी आम्ही दवाखान्याबाहेर भर उन्हात रांगा लावल्या, आणि तू ती फेकणार? माहेरी डुकरांना सुया टोचण्यात माझी उमर गेली. उंदरांचं काय घेऊन बसलीस!"

पेइ-रुंगला रडूच फुटलं. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. लस कुलपात गेली. सुईला हात लावणार नाही, अशी मावशींकडून शपथ घेतली. तरी पेइ-रुंग रोज सकाळी चोरपावलांनी येऊन बिनलसवाला पिंजरा तपासायची. विषाणू टोचायच्या दिवशी त्या पिंजऱ्यावर लाल ताईत लटकत होता.

"मावशी!"

"सुईला हात नाही लावला हं. पण ही लेकरं बिनलशीची, पोरी. माझूदेवीच्या पायाशी ठेवून आणलाय."

पेइ-रुंगनं ताईत ओढायला हात घातला, पण देवीचा ताईत काढून विषाणू टोचायची छाती होईना. तसाच ठेवला, तर एकाच पिंजऱ्याला ताईत! परीक्षक सोडतील होय? तिनं स्कूटरची चावी उचलली.

"मावशी, देऊळ उघडं असेल ना? लसवाल्यांनाही एक आणते."