माणसांना चिकटवलेलं इंग्रजी

लेकीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी आईवडिलांचंही इंग्रजी तपासतात, हे कळल्यापासून ती डिक्शनरी घेऊन बसली होती. पदवीधर होती ती, पण तिच्या इंग्रजीची गाडी 'नाइस' आणि 'व्हेरी नाइस'च्या पुढे सरकत नव्हती.

"महिनाभरात मुख्याध्यापिकाबाईंनाच डिक्शनरी उघडायला लावते की नाही बघ," तिनं नवऱ्याला बजावलं. तो सोफ्यावर आडवा होता. आडव्यानंच "हं" म्हणाला.

पद्धत तिची स्वतःची होती. अवघड शब्द घरातल्या माणसाला चिकटवायचा, म्हणजे माणूस दिसला की शब्द आठवतो. लेथार्जिक म्हणजे आळशी. तो सोफ्यावर तयारच होता. गॅर्युलस म्हणजे बडबडी. त्यासाठीही लांब जावं लागलं नाही. लेकीला भरवताना ती घोकायची, "लेथार्जिक बाबा, गॅर्युलस आजी." लेक घासाबरोबर तेही गिळायची.

एकदा सासूबाईंनी ऐकलंच. "गॅर्युलस म्हणजे काय गं?"

तिचा घास हवेतच राहिला. "मनमिळाऊ, आई."

सासूबाई अशा खुलल्या, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला त्या गॅर्युलस असल्याचं कळलं होतं!

मुलाखतीला सगळेच गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी लेकीला जवळ घेतलं. "घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"लेथार्जिक बाबा," लेक खणखणीत म्हणाली, "आणि गॅर्युलस आजी."

बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. तिला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं, फायलीसकट घेतलं तरी चालेल.

"ती मीच," सासूबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "आमच्या माहेरी सगळेच गॅर्युलस. माझी आत्या तर विचारू नका." बाईंनी विचारलं नाही, तरी त्या आत्यावरून मावशीवर आल्या आणि मावशीवरून तिच्या गुडघ्यांवर. पुढच्या मुलाखतीची मंडळी दारातून दोनदा डोकावून गेली.

"पटलं मला," बाई शेवटी म्हणाल्या. "शब्द अगदी अचूक वापरता हं तुम्ही. आणि आई कशी आहे गं?"

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं स्वतःला कुठलाच शब्द चिकटवला नव्हता.

"ॲप्रिहेन्सिव्ह," खुर्चीत पसरलेला नवरा म्हणाला.

बाई खळखळून हसल्या आणि अर्जावर सही करून मोकळ्या झाल्या. प्रवेश मिळाला!

पण हा शब्द तिचा पाठ करून झालाच नव्हता. परतताना तिनं हळूच मोबाइलमध्ये अर्थ पाहिला. सतत धास्तावलेला.

मी? आणि धास्तावलेली? असं का म्हणाला असेल हा? बाईंना काय वाटलं असेल? आणि सही नक्की आपल्याच अर्जावर केली ना त्यांनी?