विमानाच्या हिशोबाने नवरा-बायको

वडवणीचा सतीश आणि त्याची बायको चैताली एकाच खात्यात कारकून होते. तो वडवणीला, ती गोंदियाला. दोन वर्षांची लेक वडवणीत आजीपाशी, सरूबाईंपाशी वाढत होती. पती-पत्नीला जवळ आणायचं धोरण खात्यात होतं, म्हणून सतीशने बीडच्या कार्यालयात चैतालीच्या बदलीसाठी रीतसर अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. दोघांत दोन तासांहून जास्त अंतर असेल तरच बदली मिळते, आणि नव्या संगणकप्रणालीनुसार ते जेमतेम एका तासाचं होतं.

सतीश साहेबांना भेटला. त्रिंबकराव साहेब सज्जन गृहस्थ. त्यांनी आधी चहा मागवला, मग समजावलं की प्रणाली प्रत्येकाच्या जवळचा विमानतळ धरते. सतीशचा संभाजीनगर, चैतालीचा गोंदिया. मधला वेळ विमानाचा.

"साहेब, तिथून तिथं विमानच जात नाही."

"जात नाही, हा विमान कंपन्यांचा प्रश्न झाला. गेलं तर किती वेळ लागेल, एवढंच आपण बघतो."

वडवणीहून विमानतळ गाठण्यातच अर्धा दिवस जातो, असं सतीशने सांगून पाहिलं. तो वेळ प्रवासात मोडत नाही, प्रवासाच्या तयारीत मोडतो, असं उत्तर मिळालं.

सतीशने अपील केलं. अपिलात प्रकरणाची बारकाईने छाननी झाली आणि एक गंभीर बाब उघडकीस आली. इतक्या जवळ राहणारं जोडपं नियमाने एकत्र कुटुंब ठरत होतं. सबब चैतालीने गोंदियाची सरकारी खोली रिकामी करावी, असा आदेश निघाला. ती एका मैत्रिणीकडे राहू लागली.

पुढच्याच आठवड्यात लेकीला ताप चढला. चैतालीने रजा मागितली. पण प्रणालीच्या हिशोबाने रोज संध्याकाळी घरी जाणाऱ्या कर्मचाऱ्याला घरी जाण्यासाठी रजा देण्याची तरतूद नव्हती. ती तशीच निघाली. रेल्वे, मग एस.टी., मग दुसरी एस.टी. करत पोचली, तोवर ताप उतरला होता. लेक तिला बघून आजीच्या पदराआड लपली.

"आगं, आई हाय ती तुझी," सरूबाई म्हणाल्या. पोरगी बाहेर आली नाही.

विनापरवानगी गैरहजेरीची नोटीस आली, तेव्हा चैताली परत निघायच्या तयारीत होती. सरूबाईंनी तिची पिशवी हातातून काढून घेतली.

"आता कशाला जातीस? तिकडं तुला घर न्हाई, इकडं लेकराला तू ठावी न्हाईस."

चैतालीने राजीनामा पाठवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं एखादं काम खात्याने त्याच दिवशी मंजूर केलं. प्रकरणावर 'पती-पत्नी एकत्रीकरण पूर्ण' असा शेरा पडला. अशी बरीच प्रकरणं निकाली निघाली आणि त्रिंबकराव साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

खात्यातली सगळी जोडपी एकत्र आल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. कुठेतरी काहीतरी चांगलं घडतंय म्हणून ती चार जणांना पाठवलीही असेल. खातं आपलं आभारी आहे.