बंद न होणारी तलवार

नवरदेव घोड्यावर बसायला निघाला आणि त्याच्या तलवारीतला चार्जिंगचा पोर्ट चार्जरच्या टोकाला लटकत बाहेर आला. अमरावतीच्या त्या मंगल कार्यालयात सगळ्यांनी कुलदीपकडे पाहिलं. तलवार त्यानं बनवली होती आणि शिवाय तो जावई होता.

कुलदीप अकोल्याचा. दिवसा सरकारी खात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात जठारपेठेतल्या घरी पारदर्शक नळीत दिव्यांची पट्टी, बॅटरी आणि स्पीकर बसवून झगमगत्या, घुमणाऱ्या तलवारी तयार करायच्या, हा त्याचा छंद. जठारपेठेवर कुणी चाल करून येणार नव्हतं, पण तयारी असलेली बरी. मेहुण्यानं, म्हणजे अश्विननं, वरातीसाठी अशीच एक मागितली होती आणि सासऱ्यांनी, खुशालरावांनी, मुलीकडच्या प्रत्येक पाहुण्याला तिची महती ऐकवून ठेवली होती.

"जवाईबापू, होते नं दुरुस्त?" खुशालरावांनी विचारलं. ते एकाला काही विचारत तेव्हा रस्त्यावरची माणसंही वळून पाहत.

"पाच मिनिटाचं काम हाय, मामाजी."

लग्नाला येताना कुलदीप हातरुमाल विसरला होता, पण तारांना डाग द्यायची सोल्डर गन बॅगेत होती. नवरदेवाच्या खोलीतला एकमेव चालू प्लग कूलरनं अडवलेला. त्यानं कूलर काढून सोल्डर गन लावली.

"भाऊजी, मी शिजून राहिलो इथं," फेट्याखालून अश्विन म्हणाला.

"हवेनं गन थंडी होते. थांब."

पोर्टचे पाय मुंगीच्या मिशांएवढे. ज्या पायावर सोल्डरचा थेंब पडायचा होता त्याच्या शेजाऱ्यांनाही थेंबानं कवेत घेतलं आणि तो थेट बटणाच्या तारेला जाऊन भिडला. तलवार आपणहून पेटली. टाळ्या पडल्या. बटण दाबलं तरी ती विझत नाही, हे फक्त कुलदीपला कळलं. अशा वेळी जाणकारानं जे करायचं असतं तेच त्यानं केलं. गप्प राहिला.

वरात झकास झाली. तलवार हलली की "झ्यूंऽऽ" करायची, घोडा आडवातिडवा व्हायचा, फोटो सुंदर यायचे. मांडवात मात्र अंतरपाट धरला गेला आणि प्रत्येक 'सावधान'नंतर "झ्यूंऽऽ" येऊ लागलं.

"ते यंत्र बंद करा," गुरुजी म्हणाले.

"भाऊजी, हे बंद काहून नाही होत?"

"होते, होते. तू फक्त हालू नको."

अश्विननं तलवार दुसऱ्या हातात घेतली. "झ्यूंऽऽ." तेवढ्यात नव्या जोडणीनं तलवारीतल्या मेमरी कार्डावरचे सगळे आवाज ओळीनं वाजवायला घेतले. हे आवाज कुलदीपनं घरी स्वतःच्या तोंडानं काढून रेकॉर्ड केले होते, आणि एकदा रेकॉर्डिंग थांबवायचं राहून गेलं होतं. स्पीकर मात्र मुद्दाम दमदार निवडला होता.

"आरती," तलवार कुलदीपच्या आवाजात बोलू लागली, "तुह्या बाबाले घोडा नको म्हणून किती सांगितलं! त्याहिले सोताच्या आवाजापुढं दुसऱ्याचं ऐकू येते काय?"

"हळू बोला नं," आता तलवार त्याच्या बायकोच्या आवाजात म्हणाली. "पण खरं हाय तुमचं. आईनं तं बोलनंच सोडून देलं. नुसती मान हालवते."

आरतीनं पदरात तोंड लपवलं. अंतरपाटापलीकडून नवरी आचल फस्सकन हसली आणि अंतरपाट धरणारे दोघंही हलू लागले. कुलदीपनं धावत जाऊन पोर्ट उपटायला जोर लावला. निघेना. त्याच्या हातून पहिल्यांदाच सोल्डरिंग पक्कं झालं होतं.

"बंद करा हे!" खुशालराव गरजले.

तलवारीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी खुशालरावांनी तिला मुलाच्या हातातून हिसकावलं आणि बाहेर उन्हात उभ्या जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर अदबीनं उतरला. आधी आतून भांडण ऐकू आलं. पण त्यांच्या आवाजाला न भिणारं असं कुणी त्यांना आजवर भेटलंच नव्हतं. तलवार आपलं म्हणणं मांडत राहिली. हळूहळू खुशालरावांचा आवाज बसला, मग थांबला. नंतर बराच वेळ नुसती तलवारच बोलत होती.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या, बॅटरी संपली, तेव्हा ते परत आले. घामानं निथळत बायकोसमोर, पार्वताबाईंसमोर, उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जेवली का तू?"

एवढंच नाही, तर विचारून उत्तरासाठी थांबले.

पार्वताबाई घाबरल्या. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि हाक मारली, "जवाईबापू, लवकर या इकडं! ह्याहिले ऊन लागलं वाटते!"