गाण्याकडे पाठ

आमच्या शिरूरचे सोपानमामा गाण्याच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी जायचे, अगदी पुढची जागा धरायचे आणि गाणं सुरू झालं की स्टेजकडे पाठ करून बसायचे. भजन असो, खंडोबाचं जागरण असो, नाहीतर दौंडला आलेला ऑर्केस्ट्रा असो. सगळी माणसं एकीकडे तोंड करून बसलेली आणि हा एकटा गृहस्थ त्यांच्याकडे तोंड करून. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ओली शाडूची माती आणि मातीत दोन्ही हात. डोळे मात्र तुमच्यावर. अभंगात रंगता रंगता तुमची नजर सहज खाली गेली, तर मामा तुमच्याकडे एकटक बघत पिशवीत काहीतरी मळत असायचे. त्यानंतर तुमचं अभंगात लक्ष लागलं तर मला सांगा.

दौंडच्या ऑर्केस्ट्रात निवेदकाने माइकवरून चेष्टा केली, की काका, गायिका इकडे आहे. लोक हसले. मामांनी अर्धी मान वळवून शांतपणे उत्तर दिलं, "तुमी तोंड आरशात बगून आलाय. ह्यांचं तसं न्हाई. ह्यांचं आत्ता सैल पडतंय."

हा त्यांचा ठरलेला शब्द. माणूस दिवसभर तोंड आवळून धरतो, म्हणायचे. दुकानात एक, सासुरवाडीत एक, तलाठ्यापुढे एक. गाण्यात रमला की ते हातातून निसटतं आणि खालचं खरं दिसतं. ते दिसलं की मामा पुटपुटायचे, "पडलं बगा सैल." मग पिशवीतली बोटं भराभर चालायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यात अंगठ्याएवढं एक डोकं तयार व्हायचं. हुबेहूब.

मामा गणपतीतले हलते देखावे करायचे. आधी सणसवाडीच्या एका कंपनीत फिटर होते, ते सोडून या नादाला लागले. भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर आणायची, तिच्यावर प्लायवूडची चकती बसवायची आणि तिच्या उंचसखल कडेवरून बाहुलीची मान हलवायची, अशी त्यांची रीत. चकतीची कड ते ऐकलेल्या ठेक्यावर कापायचे. केंदूरच्या भजनाची चकती वेगळी, निमोण्याच्या जागरणाची वेगळी, सणसवाडीच्या खोल्यांत बिहारी कामगार ढोलक घेऊन बसायचे त्यांची आणखी वेगळी. गाणं ऐकल्याशिवाय त्यांना एक खिळा ठोकता यायचा नाही. मी मंडळाचा सेक्रेटरी. एकदा शहाणपणा करून म्हटलं, मामा, लुनावरून इतकं हिंडण्यापेक्षा कॅसेट आणून देतो. त्यावर ते म्हणाले, "टेप ऐकताना माणूस लसूण सोलतो, सेक्रेटरी. त्याला ठावं आसतं, परत लावता येतंय."

त्यांचं काम चालायचं बाजारामागच्या बंद पडलेल्या तेलघाण्याच्या शेडमध्ये. तिथे मी एकटा कधी गेलो नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. पत्र्याखाली तारा बांधलेल्या आणि तारांवर खऱ्या माणसाच्या मापाची पन्नास-साठ डोकी टांगलेली. त्या मातीच्या नमुन्यांवरून केलेली, कागदाच्या लगद्याची, काही रंगवलेली, काही पांढरीफटक. प्रत्येकाची मान किंचित डावीकडे कललेली, ओठ अर्धवट उघडे. सगळी ओळखीची. आमचा किराणावाला, पोस्टमन, शाळेतले गुरुजी, सगळे मानेपासून वर. मामांनी त्यांचे गावाप्रमाणे गट केले होते आणि नव्या डोक्याला तार बांधताना ते त्याला शेजाऱ्यांची नावं सांगायचे.

एका संध्याकाळी मी देखाव्याचा विसार द्यायला गेलो आणि लाइट गेली. मामा मेणबत्ती शोधत होते. लांब नदीकडे कुठेतरी ढोल सुरू झाला. शेडच्या फटीतून वारा आला असणार, दुसरं काय असणार. पण ती सगळी डोकी तारेवर सावकाश फिरली, नदीकडे तोंड करून थांबली आणि तशीच राहिली. मी मामांचा दंड घट्ट धरला. ते काडी ओढत म्हणाले, "ऐकत्यात." जणू शेजारी जेवायला बसलेत, असा आवाज.

अशा माणसाबद्दल लोक काय बोलणार? अंधारात बसतो, तुमच्याकडे बघतो, मातीची बाहुली करतो. करणीचाच संशय. पुरुषमंडळी निदान हसण्यावारी न्यायची. पण दौंडकडच्या एका गावात, जागरणात, मामा बायकांच्या बाजूला बघत बसले. एका लेकुरवाळीच्या भावांनी पिशवी हिसकली, तर आत त्यांच्या बहिणीचं डोकं. ओठ उघडे, डोळे मिटलेले. दुर्दैवाने तिला महिनाभर ताप येत होता. मामांना मार बसला तो बसलाच, वर सगळ्या गावासमोर त्यांना बेल-भंडारा उचलायला लावला, की गाण्याच्या जागी यापुढे बायकांच्या बाजूला नजर टाकणार नाही. खंडोबाच्या नावाने उचललेला भंडारा आमच्याकडे कोणी मोडत नाही. मामांनीही मोडला नाही. अगदी स्वतःच्या बायकोसाठीसुद्धा.

याचे परिणाम आम्हाला भोगावे लागले. पुढच्या वर्षीच्या सीतास्वयंवरात सीतामाई वरमाला घेऊन मान डोलवत आल्या, आणि त्या आमचे तलाठी निघाले. मिशी तेवढी काढलेली. सगळं शिरूर लोटलं. तलाठी एकदा येऊन गेले, बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिले आणि त्यांनी बदलीचा अर्ज टाकला. मी रागावून मामांकडे गेलो तर ते म्हणाले, "बायाचं सैल तोंड मला बगायचं न्हाई. आन् आवळलेलं मी करत न्हाई." त्यानंतर लक्ष्मी किराणावाल्याच्या तोंडाची आली आणि महिषासुरमर्दिनी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांची. ती मात्र शोभली.

मामांच्या बायकोचं नाव हौसा. नावासारखी हौशी बाई. मामांच्या लुनावर मागे बसून ती प्रत्येक कार्यक्रमाला जायची, आणि जवळपास असलं तर माझ्या आईलाही ओढून न्यायची. बायकांत बसायची. नवरा पंधरा-वीस पावलांवर दुनियेची तोंडं घडवतोय आणि हिच्याकडे मान वळवायची त्याला बंदी. एकदा तिने माझ्यादेखत मामांना म्हटलं होतं, "समद्यांचं केलं, माझं एकदा करा की." मामांनी कपाळाला हात लावला, भंडाऱ्याची आठवण दिली. ती हसली आणि चहा ओतायला लागली.

ती काविळीने गेली. सगळं आठ-दहा दिवसांत. मामांकडे तिचा फोटो एकच, लग्नातला, त्यात मुंडावळ्यांच्या आड निम्मा चेहरा गायब. मामांना तिचा चेहरा आठवत नव्हता असं नाही. वीस वर्षांचा संसार. पण ते म्हणायचे की मला आठवतो तो घरातला. कामातला, चिडलेला, हिशेबातला. गाणं ऐकतानाची हौसा त्यांनी कधी पाहिली नव्हती आणि तिने मागितलं होतं नेमकं तेच.

त्यानंतर दोन वर्षं मामा गप्पच होते. मग निमोण्याच्या एका आबांची गोष्ट घडली. आबा श्रावणात वारले. भाद्रपदात आमच्या देखाव्यात ऋषी म्हणून उभे. मामांनी त्यांचं डोकं आधीच करून ठेवलं होतं, त्यात त्यांचा दोष नव्हता. आबा भजनात डोलायचे तसेच, तिसऱ्या टाळीला किंचित अडखळून डोलत होते. त्यांची म्हातारी निमोण्याहून एसटीने आली. मी घाबरून मोटर बंद करायला धावलो, तर तिने अडवलं. तासभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, ती शाल घेऊन. ऋषी उघडे उभे होते ना. मला म्हणाली, "ह्यास्नी गारठा सोसत न्हाई." मी स्वतः चढून ऋषींना शाल पांघरली. वर, माझ्या कानाजवळ, आबा डोलतच होते.

मामा हे सगळं पडद्याआडून बघत होते. पुढच्या वर्षी त्यांनी देखावा स्वतःच सुचवला. भजनाला बसलेलं गाव. एकीकडे गडी, एकीकडे बाया. बाया लोकांकडे पाठ करून, डोक्यावरून पदर घेऊन, म्हणजे चेहऱ्यांचा प्रश्नच नाही. मला आनंद झाला. मग ते हळूच म्हणाले, "बायात येक तोंड दिसंल. तेवढं माझं ऱ्हाऊ द्या."

गणपतीला चार दिवस उरले तरी ते तोंड झालं नव्हतं. बाकी सगळं गाव तयार होतं. बायांच्या रांगेत एक बाहुली हिरवं लुगडं नेसून बसलेली, हौसावहिनींचंच लुगडं ते, आणि पदराखाली नुसता गुळगुळीत गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. मामांनी सोळा वेळा केलं आणि सोळा वेळा पुसलं होतं. दाढी वाढलेली, जेवणाची शुद्ध नाही. मी मंडळाची काळजी करत होतो आणि त्याची मला आज लाज वाटते. आईला सांगितलं तर तिने भाकरी बांधून घेतली आणि दुपारी माझ्याबरोबर शेडमध्ये आली.

आई त्या डोक्यांना अजिबात घाबरली नाही. तिने एकदोघांना ओळखून "हा मेला उधारी बुडवणारा" वगैरे म्हटलं आणि मामांना जेवायला बसवलं. मामांनी घास हातात धरून ठेवला.

"आक्का," ते म्हणाले, "तुमी तिच्या शेजारी बसायचा. कशी ऐकायची ती? मान कुठं करायची? डोळं झाकायची का उघडं?"

आई पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, हिला आठवत नाही आणि आता ही खोटं काहीतरी सांगणार.

"सोपानभाऊ, खरं सांगू का," ती म्हणाली. "ती ऐकायचीच न्हाई. एक अभंग तिला धड येत नव्हता. ती तुमच्याकडं बघत बसायची."

मामांच्या हातातला घास ताटात पडला.

"तुमी गड्यांची तोंडं बघायचा, ती तुमचं. पार शेवटापतूर. एकदा मी म्हटलं, अगं घरी बघतीस की रोज. तर म्हणली, आक्का, ह्या वेळेला मला ह्यांचा राग येत न्हाई."

मामांनी विचारलं, ती कुठे बसायची. आईने आपल्या डाव्या हाताला दाखवलं. मामांपासून किती लांब? इथपासून त्या दारापर्यंत. मामा उठले, न धुतलेल्या हातांनीच दारापर्यंत गेले, आणि तिथून त्या बिनचेहऱ्याच्या बाहुलीकडे बघत उभे राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आईने माझी बाही ओढली आणि आम्ही ताट तसंच ठेवून बाहेर पडलो.

चतुर्थीला देखावा सुरू झाला. टाळ वाजले आणि सगळं गाव डोलायला लागलं. गडी डोलले, पदर डोलले. गर्दी खूश होती. तेवढ्यात अध्यक्ष माझ्याकडे आले आणि कुरकुरले, की बायांतली एक बाहुली बिघडलीय. हिरव्या लुगड्याची. हलत नाही, आणि गाणाऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघतेय. लोक विचारतायत.

मी मागून पडद्याआड गेलो. तिथे कोपऱ्यात, मोटरींच्या बटणांपाशी, मामा तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसले होते. ती बाहुली सरळ त्यांच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर किंचित हसू आणि राग यायचा राहून गेलेला. मामा तिच्याकडे बघत होते. मी आल्याचं त्यांना कळलं नाही, टाळ ऐकू येत होते की नाही कोण जाणे.

बाहेर येऊन मी अध्यक्षांना सांगितलं, की एक मोटर जळालीय आणि दहा दिवसांत दुसरी काही मिळणार नाही.